तट दिसेनासा झाल्यावर

नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडे मागे पळताना दिसतात, हा दृष्टांत भारतीय तत्त्वचिंतनात इतका रुळलेला आहे की त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे काठ. झाडे पळत नसून नाव चालली आहे हे ठरवायला काठ लागतो, काठात मुळे रोवलेली झाडे लागतात, आणि वाटले तर नावेतून उतरून त्या झाडाखाली उभे राहता येईल अशी खात्री लागते. ही खात्री काढून घेतली, काठ क्षितिजाखाली बुडाला आणि वर रात्रही पडली, तर या दृष्टांताचे काय उरते, हा प्रश्न वरवर नौकानयनाचा वाटला तरी मुळात तो गती आणि स्थिरता, कर्ता आणि साक्षी यांच्या नात्याचा आहे.

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायातील अठराव्या श्लोकावर भाष्य करताना शंकराचार्यांनी हा दृष्टांत योजला आहे. कर्मामध्ये अकर्म आणि अकर्मामध्ये कर्म ज्याला दिसते तो बुद्धिमान, असे त्या श्लोकाचे प्रतिपादन असून अकर्म म्हणजे कर्माचा अभाव, न करणे. आचार्यांच्या मते आत्मा वस्तुतः काहीच करीत नाही. देह आणि इंद्रिये यांची हालचाल त्याच्यावर लादली जाते, जशी नावेची गती तीरावरच्या झाडांवर लादली जाते. पण आचार्य इथे थांबत नाहीत. लगेच ते उलट बाजूचा दृष्टांत देतात, तो असा की खूप दूर असलेली चालती माणसे डोळ्यांना स्थिर भासतात. म्हणजे जे हलत नाही ते हलताना दिसते आणि जे हलते आहे ते निश्चल दिसते, अशा दोन्ही चुका माणसाच्या पाहण्यात आहेत. आणि दुसऱ्या चुकीचे उदाहरण म्हणून ते अशा माणसाकडे बोट दाखवतात, जो देहाची हालचाल थांबवून ‘आता आपण काही न करता सुखाने बसलो आहोत’ असे मानतो. त्या मानण्यात अहंकार आहे, म्हणून ते बसणेही कर्मच होय. कीर्तन-प्रवचनांत झाडांचा दृष्टांत रंगतो आणि दूरच्या माणसांचा मागे पडतो, याचे कारण बहुधा पहिल्यात चित्र आहे आणि दुसऱ्यात चित्रच नाही, एवढेच असावे. समुद्रावर मात्र दुसराच अधिक मोलाचा ठरतो.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशाला गीतेवर टीका सांगताना याच श्लोकापाशी पाण्यातले प्रतिबिंब, नाव आणि सूर्य असे दृष्टांत एकापाठोपाठ गुंफले आहेत. उदय आणि अस्त यांच्यामुळे सूर्य न चालताही चालल्यासारखा वाटतो, असे त्यांनी म्हटले आहे, आणि त्यावरून ज्ञानेश्वरीत पृथ्वीच्या परिवलनाचा शोध लावण्याचा मोह काही उत्साही लेखकांना आवरत नाही. तो आवरलेला बरा, कारण ज्ञानेश्वरांचा रोख खगोलावर नसून नैष्कर्म्यावर, म्हणजे कर्म करूनही अकर्ता राहण्यावर, आहे. नाव आणि आकाश यांची खरी शास्त्रीय सांगड त्यांच्या कितीतरी आधी आर्यभटाने घातली होती. ४९९ साली रचलेल्या ‘आर्यभटीया’च्या गोलपादात त्याने म्हटले की पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला स्थिर वस्तू जशा उलट दिशेने जाताना दिसतात, तसे लंकेत, म्हणजे विषुववृत्तावर, स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराला हे पटले नाही; पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेल्या पक्ष्यांना आपली घरटी पुन्हा सापडणार नाहीत, असा त्याचा आक्षेप होता, आणि पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्तानेही आर्यभटाचे मत खोडून काढले. या आक्षेपाचे नेटके उत्तर गॅलिलिओच्या १६३२ सालच्या संवादग्रंथात मिळते, आणि तेही नावेतूनच: जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरे सोडली तर ती सर्व दिशांना सारख्याच सहजतेने उडतात, आणि जहाज उभे आहे की एकसारख्या वेगाने चालले आहे हे त्या खोलीतल्या कोणत्याही प्रयोगावरून सांगता येत नाही.

मराठीत निःपक्षपाती माणसाला ‘तटस्थ’ म्हणतात. शब्दशः हा तटावर उभा असलेला माणूस होय, आणि शंकराचार्यांच्या भाष्यातही झाडांना लागलेले विशेषण हेच आहे. जो प्रवाहात नाही, जो नुसता पाहतो, त्याची जागा भाषेने काठावर नेमून टाकली. वेदान्तात ‘तटस्थलक्षण’ अशी संज्ञाही आहे. वस्तूचे स्वरूप न सांगता तिच्या बाहेरच्या, प्रसंगाने जोडल्या गेलेल्या खुणेवरून ती दाखवून देणे, असा तिचा अर्थ. स्थिरता, साक्षित्व आणि सत्य या तीन कल्पना काठाशी अशा बांधल्या गेल्या आहेत की काठ गेला तर त्याही जातील की काय, अशी शंका यावी.

या शंकेची परीक्षा घ्यायला दक्षिण प्रशांत महासागरातील सोसायटी द्वीपसमूहासारखे ठिकाण क्वचितच मिळेल. फ्रेंच पॉलिनेशियातील मोऑरेआ बेटापासून हुआहिने बेटापर्यंत सुमारे ८० ते ९० सागरी मैलांचे अंतर आहे. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. दोघा-तिघांनी राहत राहत फिरावे अशा शिडाच्या नौकेला पाच-सहा नॉट वेग मिळतो, म्हणजे हा पल्ला एका दिवसाच्या उजेडात मावत नाही. दोन्ही बेटांभोवती प्रवाळाची कडी आहेत, त्यांतल्या चिंचोळ्या वाटांतून अंधारात आत जाणे धोक्याचे आहे, म्हणून नौका दुपारी निघते, रात्रभर आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यावर चालते आणि सकाळी पोचते. रात्र ही या प्रवासाची अडचण नसून त्याची अट आहे: दोन्ही टोकांना उजेड हवा असेल तर मध्ये अंधार पत्करावाच लागतो.

मोऑरेआची हजार मीटरांहून उंच शिखरे संध्याकाळपर्यंत मागे दिसत राहतात, मग ती काळोखात विरतात आणि काठ नाहीसा होतो. अशा वेळी भारतीय मन सवयीने ध्रुवाकडे वळेल, कारण अढळपदाची कथा ज्याच्याभोवती विणली गेली तो तारा उत्तरेकडच्या दर्यावर्दींचा आधार आहे. पण ही बेटे सुमारे १७ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत आणि तिथे ध्रुवतारा कधीच उगवत नाही. दक्षिणेचे आकाश ज्या बिंदूभोवती फिरते तो त्रिशंकूच्या, म्हणजे क्रूसाच्या आकाराच्या तारकासमूहाच्या, लांब दांड्याची रेघ सुमारे साडेचार पट वाढवून काढावा लागतो, आणि तिथे नजरेत भरेल असा एकही तारा नाही. स्थिर बिंदू आहे, पण तो रिकामा आहे. आणि त्याची दिशा दाखवणाऱ्याचे नाव, धड स्वर्गात नाही धड पृथ्वीवर नाही अशा राजाचे. हा निव्वळ योगायोग असला तरी तो टाकून देण्याजोगा नाही.

खाली नावेतही तीच गत असते. वारा मागून १५ नॉट वेगाने वाहत असेल आणि नौका त्याच दिशेने ६ नॉटने चालली असेल, तर नौकेवरच्या माणसाच्या गालाला ९ नॉटचाच वारा लागतो, आणि वारा पडला असे त्याला वाटते. त्याने नौका वळवून वाऱ्याला सामोरी केली की तोच वारा एकाएकी अंगावर येतो. म्हणून नावाडी भासणारा वारा आणि खरा वारा यांत फरक करतात. पण तो ‘खरा’ वारासुद्धा पाण्याच्या तुलनेत मोजलेला असतो आणि पाणी स्वतः प्रवाहाबरोबर सरकत असते. पाण्यातून चालण्याचा वेग वेगळा आणि उपग्रहांच्या साहाय्याने जीपीएस दाखवते तो तळजमिनीवरचा वेग वेगळा. प्रत्येक आकड्यामागे ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न असतो, आणि ज्याच्या तुलनेत मोजले तेही कशाच्या तरी तुलनेत चाललेलेच असते. काठ असलेल्या दृष्टांतात भ्रम आणि सत्य अशा दोनच पायऱ्या होत्या. इथे पायऱ्यांना अंत नाही.

मायक्रोनेशियातील कॅरोलाइन बेटांच्या नाविकांनी या परिस्थितीवर जो तोडगा काढला, तो तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने निरखून पाहावा असा आहे. त्यांच्या पद्धतीला ‘एताक’ म्हणतात. टॉमस ग्लॅडविन यांनी पुलुवात बेटावर केलेल्या अभ्यासातून १९७० साली आणि डेव्हिड लुइस यांच्या १९७२ सालच्या ग्रंथातून ती बाहेरच्या जगाला तपशिलाने कळली. तारे क्षितिजावर जिथे उगवतात आणि मावळतात, अशा ३२ बिंदूंचे वर्तुळ नाविकाला पाठ असते. श्रवण तारा जिथे उगवतो ती त्याची मुख्य दिशा, पूर्व. निघायचे बेट आणि पोचायचे बेट यांशिवाय तो मार्गाच्या बाजूला, क्षितिजापलीकडे असलेले एक तिसरे बेट मनात धरतो, आणि प्रवास सुरू झाला की नाव एका जागी उभी आहे आणि बेटे चालत आहेत असे मानतो. ते तिसरे बेट एका ताऱ्याखालून सरकून मागच्या ताऱ्याखाली गेले की प्रवासाचा एक टप्पा संपला. ते बेट सबंध प्रवासात त्याला दिसत नाही; दिसावे लागतही नाही.

बाहेरच्या माणसाला प्रथमदर्शनी हा नावेतल्या माणसाचाच भ्रम वाटतो, झाडे पळतात असे मानणाऱ्याचा. पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल. याच कॅरोलाइन बेटांपैकी सातावाल बेटाचे माऊ पिआइलुग यांनी १९७६ साली ‘होकूलेआ’ या जोडहोडीला कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीपर्यंत सुमारे महिनाभरात नेले. अशा परंपरेतल्या माणसाला नाव चालते हे ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? त्याला ते पक्के ठाऊक असते, आणि तरीही हिशोबासाठी तो नाव थांबवतो. मोऑरेआहून निघालेल्या आजच्या नौकेवर पाहिले तर काय दिसते? इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या पडद्यावर मधोमध नौकेची लहानशी आकृती खिळलेली असते, आणि तिच्याखालून बेटे, प्रवाळकडी, खोलीचे आकडे मागे सरकत असतात. हा पडदा बनवणाऱ्यांनी एताकचे नावही ऐकले नसेल, पण चालत्या नावेवर बसून विचार करणाऱ्याला नाव स्थिर मानणे सोयीचे पडते, ही गोष्ट त्यांनीही आपापल्या वाटेने शोधली.

या पद्धतीला वेदान्ताच्या परिभाषेत नाव द्यायचे तर ते ‘अध्यारोप’ हे देता येईल. अध्यारोप म्हणजे वस्तूवर जे नाही ते जाणूनबुजून ठेवणे आणि अपवाद म्हणजे काम झाल्यावर ते काढून घेणे. शिष्याला निर्गुण तत्त्वाकडे नेण्यासाठी आचार्य ही दोन पावलांची रीत वापरतात. शाखाचंद्रन्यायही याच कुळातला: चंद्रकोर सापडत नसणाऱ्याला ‘त्या फांदीवर बघ’ असे सांगणारा खोटे बोलतो, पण ते खोटे दोघांनाही ठाऊक असते आणि नजर चंद्रावर गेली की फांदीचे काम संपते. भ्रम आणि अध्यारोप यांत मांडलेले चित्र एकच असू शकते. फरक चित्रात नसून ते कोणी, कशासाठी आणि किती वेळ धरले आहे यात असतो. काठ नसलेल्या रात्री स्थिरता सापडत नाही, ती धरावी लागते, आणि धरली आहे हे विसरता येत नाही.

आचार्यांचा दुसरा दृष्टांत नेमका इथे उपयोगी पडतो. रात्री नौकेवर आळीपाळीने पहारा असतो; वाऱ्याच्या जोरावर चालणारे यंत्र किंवा ऑटोपायलट सुकाणू धरून असतो, शिडे लागलेली असतात आणि पहाऱ्यावरच्या माणसाला हाताने करण्यासारखे बहुतेक काहीच नसते. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी पाचवा नियम मात्र प्रत्येक जहाजाने सदैव डोळ्यांनी आणि कानांनी योग्य टेहळणी ठेवावी असे सांगतो, आणि सातव्या नियमात टकरीचा धोका ओळखण्याची खूण दिलेली आहे. जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा लक्षणीय बदलत नसेल तर धोका आहे असे समजावे, ही ती खूण. क्षितिजावर दोन दिवे दिसले, त्यांतला एक हळूहळू मागे सरकत गेला आणि दुसरा एकाच जागी खिळून राहिला, तर नवख्याला सरकणाऱ्याची भीती वाटते. जाणता माणूस खिळलेल्याकडे बघतो, कारण जो दिवा हलत नाही तोच अंगावर येत असतो. असे जहाज २० नॉट वेगाने येत असेल तर पाच सागरी मैलांचे अंतर ते पंधरा मिनिटांत कापते. चालणाऱ्या दूरस्थ वस्तूत गतीचा अभाव दिसतो हे आचार्यांनी अकर्मातील कर्म समजावताना म्हटले होते. इथे तीच गोष्ट जीवनमरणाची झालेली आहे. आणि पहाऱ्यावर बसून ‘आपण काही करीत नाही’ असे मानणारा माणूसही त्याच भाष्यात आधीच भेटलेला आहे: त्याचे डोळे मिटणे हे न करणे नसून एक करणे आहे, आणि त्याचे फळ नावेतल्या सगळ्यांना मिळेल.

नावेचा दृष्टांत फक्त भारतात उगवला असे नाही. जपानी झेन आचार्य दोगेन १२२३ साली समुद्र ओलांडून सोंग राजवटीतील चीनला गेले आणि १२२७ साली परतले; १२३३ सालच्या ‘गेंजोकोआन’ या त्यांच्या लेखात नावेतल्या माणसाला किनारा सरकताना दिसतो हाच दृष्टांत आहे, पण निष्कर्ष शंकराचार्यांच्या अगदी उलट आहे. आचार्यांच्या मांडणीत झाडे म्हणजे आत्मा. तो अचल आहे आणि गती उपाधीची, म्हणजे देहादिकांची, आहे. दोगेन यांच्या मांडणीत किनारा म्हणजे जगातील पदार्थ आणि नाव म्हणजे माणसाने नित्य मानलेले आपले मन. नजर नावेवर आणली की तीच चालली आहे हे कळते, म्हणजे ज्याला नित्य मानले तेच अनित्य ठरते. एकच नाव, एकच पाणी, आणि उतरणारे दोघे समोरासमोरच्या काठांवर उतरतात. दृष्टांत सिद्धान्ताला उजळतो पण त्याला सिद्ध करीत नाही, हे तर्कशास्त्रातले जुने सूत्र पटवून द्यायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

तरीही दोगेन यांच्या बाजूने एक मुद्दा नोंदवला पाहिजे: त्यांच्या उपायाला काठ लागत नाही, नावेकडे नीट पाहिले की पुरते. गॅलिलिओची बंद खोली यावर आक्षेप घेईल हे खरे, पण शिडाची नौका ही बंद खोली नव्हे. तिच्या मागे फेसाची रेघ उमटते, प्रत्येक लाटेला ती कलते, दोर ताणले जातात आणि सैल पडतात. याउलट शांकर पक्षही निरुत्तर होत नाही. स्थिरता धरलेली आहे हे ज्याला कळते, नाव थांबली आहे असे मानणे आणि ती चालली आहे हे जाणणे या दोन्ही वृत्ती ज्याच्यापुढे येतात, तो साक्षी कुठे बसला आहे, असे तो पक्ष विचारील. आणि दोगेन म्हणतील की तोही नावेतच बसला आहे. हा वाद रात्रभरात मिटण्यासारखा नाही. एवढे मात्र दिसते की अद्वैताला काठाची गरज दृष्टांतापुरतीच होती. साक्षीला काठावर नेऊन बसवले ते मराठीतल्या तटस्थ या शब्दाने, आणि त्या शब्दामुळे साक्षित्व म्हणजे प्रवाहाबाहेर असणे, जबाबदारीबाहेर असणे, असा एक सैल अर्थ व्यवहारात रूढ झाला. पहाऱ्यावरचा माणूस साक्षी आहे, पण त्या अर्थाने तटस्थ नाही.

वारा अपेक्षेपेक्षा जोराचा लागला तर नौका पहाटेआधीच हुआहिनेपाशी येते. मग मोठे शीड आणि पुढचे शीड एकमेकांविरुद्ध लावून आणि सुकाणू एका बाजूला बांधून ती समुद्रातच उभी धरतात. जैन दर्शनाने गतीला साहाय्य करणारे धर्मद्रव्य आणि स्थितीला साहाय्य करणारे अधर्मद्रव्य अशी दोन स्वतंत्र द्रव्ये मानली आहेत. पहिल्याला माशाच्या पोहण्याला पाण्याची आणि दुसऱ्याला वाटसरूच्या थांबण्याला सावलीची उपमा देतात. इथे धर्म आणि अधर्म हे शब्द पुण्यपापाच्या अर्थाने नाहीत. थांबणे हा गतीचा नुसता अभाव नसून त्यालाही कशाचा तरी आधार लागतो, ही कल्पना वाचताना विचित्र वाटते, पण अंधारात दोन शिडांच्या ओढाताणीवर उभी असलेली नौका पाहिली की तितकीशी वाटत नाही. आणि तशी उभी असतानाही ती वाऱ्याखाली हळूहळू सरकतच असते, म्हणून किनाऱ्यापासून पुरेसे अंतर आधीच राखलेले असावे लागते.

उजाडल्यावर हुआहिनेचा सुमारे ६७० मीटर उंचीचा डोंगर समोर उभा असतो आणि पाठोपाठ प्रवाळकड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसू लागते. फारे या गावासमोरची वाट पश्चिमेकडून आत जाते, त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन नेमके डोळ्यांवर येते आणि पाण्याखालचे प्रवाळ झाकले जाते. सावध माणूस ऊन वर चढू देतो, तोवर बाहेर येरझारा घालतो. रात्रभर पडद्यावर नाव मधोमध खिळवून बेटे तिच्याकडे चालत आणली, आता तो हिशोब बाजूला ठेवायची वेळ आलेली असते, कारण प्रवाळकडे नावेकडे येत नसते. सोबतचा माणूस नाळेवर उभा राहून पाण्याच्या रंगाकडे पाहतो: गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे उथळ, तपकिरी म्हणजे प्रवाळ, आणि हाताच्या खुणेने सुकाणूवरच्याला डावीकडे की उजवीकडे ते सांगत राहतो.